वेळेचे काम आणि किल्लीचा अधिकार



यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. पावसाळ्यात सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्याच सकाळी गावोगावी कळविणे संगणकामुळे शक्य झाले आहे. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुरात अडकलेल्या लोकांसाठी वायुसेनेची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. अशा दिवसांत कालचा आकडा आजचा म्हणून वाचला गेला, तर तो आकडा नसण्यापेक्षाही घातक ठरतो.

समजा, एखाद्या कार्यालयाचे संकेतस्थळ लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरवर आहे आणि पावसाचे पान रोज नऊ वाजता आपोआप बदलावयाचे आहे. हे काम ‘क्रॉन’ नावाची व्यवस्था करते. तिच्या वहीतील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशी पाच घरे असतात आणि त्यांच्यापुढे कामाचा हुकूम लिहिलेला असतो. एके दिवशी पान बदलत नाही. दोष कोठे शोधावा?

प्रथम क्रॉन चालू आहे काय, ते पाहावे. नंतर घड्याळ पाहावे. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. तेथे नऊ वाजता लावलेले काम आपल्याकडे दुपारी अडीचला होते.

तिसरी गोष्ट पत्त्याची. माणसाने हुकूम दिला की संगणक त्याच्या सवयीच्या जागा धुंडाळतो; क्रॉनला मात्र मोजक्याच जागा ठाऊक असतात. नुसते ‘पिंपळगाव’ लिहिलेले पत्र जसे भटकते, तसा अर्धवट पत्त्याचा हुकूम वाया जातो. म्हणून प्रत्येक फाइलचा पत्ता मुळापासून लिहावा.

चौथी व सर्वांत फसवी गोष्ट अधिकाराची. प्रत्येक फाइलीला मालक, गट व इतर असे तीन वर्ग असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचे १, अशा अंकांच्या बेरजेने प्रत्येकाचा अधिकार ठरतो. ६४४ म्हणजे मालकाने लिहावे, इतरांनी केवळ वाचावे. पुष्कळदा असे घडते की, काम अडले म्हणून कोणी सर्वाधिकारी खात्यातून ते एकदा हाताने चालवितो. पान तयार होते, परंतु त्याची मालकी त्या खात्याकडे जाते. दुसऱ्या दिवशी साध्या खात्यातून चालणाऱ्या क्रॉनला त्यावर लिहिता येत नाही. काल केलेला उपायच आजचे दुखणे होऊन बसतो.

मग घाईने ७७७ हा अंक दिला जातो. त्याचा अर्थ कचेरीची किल्ली दाराबाहेर टांगून ठेवणे. योग्य मार्ग एकच: काम ज्या खात्यातून चालते, त्याच खात्यातून तपासावे आणि मालकी त्याच्याकडे परत द्यावी. फाइल ज्या फोल्डरांच्या आत आहे, त्या प्रत्येकात प्रवेशाचा अधिकार आहे काय, हेही पाहावे. वाड्याचे दार बंद असता आतल्या खोलीची किल्ली व्यर्थ होय.

क्रॉनचे अपयश निमूट असते. यासाठी त्याचे उत्तर व त्याच्या चुका, दोन्ही एका नोंदवहीत उतरतील अशी तजवीज प्रारंभीच करावी. पानावर ‘शेवटचा बदल’ म्हणून दिनांक व वेळ छापावी. मात्र ती काम पुरे झाल्यावरच बदलली पाहिजे.

हा दिनांक वाचण्यास तंत्रज्ञ लागत नाही. शिक्षकाने, पंचायत सदस्याने आकड्याआधी तो पाहावा. जुना दिसल्यास कार्यालयास कळवावे. चूक किती लवकर उघडकीस येते, यावरच लोकांचा विश्वास टिकून असतो.