नत्राचा जमाखर्च

एक हेक्टर शेतावर जी हवा पसरलेली असते, तिच्यात सुमारे ७८ हजार टन नत्र सामावलेले असते. त्याच शेतातील ज्वारी मात्र शंभरएक किलो नत्राच्या अभावी पिवळी पडते. अशी ही निसर्गाची तऱ्हा आहे. समुद्रात बुडणाऱ्याला तहान लागावी, तसे जगातील सर्व वनस्पती नत्राच्या महासागरात उभ्या राहून नत्रासाठी आसुसलेल्या असतात. या विरोधाचे कारण समजून घेतल्यावाचून शेतीचे, अन्नाचे आणि अलीकडे तर पिण्याच्या पाण्याचेही कोडे उलगडत नाही.

हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. या वायूचे दोन दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट बिलगलेले असतात की, ते सोडविण्याची शक्ती कोणत्याही वनस्पतीच्या अंगी नाही. डॅनिएल रूदरफर्ड याने १७७२ साली हा वायू वेगळा करून दाखविला. त्यात प्राणी गुदमरतात आणि दिवा विझतो, हे पाहून पुढे लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला ‘निर्जीव’ अशा अर्थाचे नाव दिले. परंतु ज्याला निर्जीव म्हटले, त्यावाचून जीव ही वस्तूच संभवत नाही. प्रथिनांचा प्रत्येक कण नत्रावर उभा आहे. पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितद्रव्याच्या रेणूत मॅग्नेशियमच्या एका अणूभोवती नत्राचे चार अणू फेर धरून असतात. म्हणूनच नत्र कमी पडले की हिरवा रंग फिका होतो. हा फिकेपणा प्रथम खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. कारण तंगीच्या दिवसांत वनस्पती जुन्या पानांतील नत्र काढून घेऊन कोवळ्या पालवीला पुरविते. घरातील वडीलधाऱ्यांनी उपाशी राहून मुलांना घास द्यावा, तसाच हा प्रकार होय.

वनस्पतीला नत्र हवे असते ते मुख्यतः दोन रूपांत, अमोनियम आणि नायट्रेट या क्षारांच्या रूपांत. जमिनीतील नव्वद टक्क्यांहून अधिक नत्र मात्र कुजलेल्या पालापाचोळ्यात, मुळांच्या अवशेषांत आणि जिवाणूंच्या देहांत अडकलेले असते. सूक्ष्म जीव ते सावकाश मोकळे करतात व जमिनीच्या या ठेवीवरील व्याज पिकाला मिळते. हे व्याज किती निघेल याचा अंदाज करण्यासाठी सुब्बय्या आणि असिजा या दोघा भारतीय शास्त्रज्ञांनी १९५६ साली एक सुलभ पद्धती प्रसिद्ध केली. देशातील माती-परीक्षण केंद्रांत ती अद्यापही वापरली जाते. तिच्या मापाने हेक्टरी २८० किलोंहून कमी उपलब्ध नत्र असलेली जमीन ‘कमी’ या वर्गात मोडते, आणि भारतातील पुष्कळशा जमिनी याच वर्गात येतात. उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजतात, आणि शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जातो. तेव्हा जमिनीची ठेव वाढावी कशी?

निसर्गाने जमेची काही व्यवस्था करून ठेविली आहे. विजेच्या लोळाने हवेतील थोडे नत्र पावसाबरोबर जमिनीवर येते. भाताच्या खाचरांत वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र बांधते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली सिद्ध केले. वर्षानुवर्षे फारसे खत न घालता भाताची जमीन थोडेबहुत पीक का देत राहते, याचा त्यामुळे उलगडा झाला. सर्वांत महत्त्वाचा मार्ग मात्र कडधान्यांच्या मुळांवरील गाठींचा. भुईमुगाची किंवा चवळीची अशी एखादी गाठ नखाने फोडली असता आत तांबूस रंग दिसतो. आपल्या रक्तातील रंगद्रव्याशी नाते सांगणाऱ्या द्रव्याचा तो रंग असून, आतील जिवाणू कामावर आहेत याची ती खूण असते. हे रहस्य हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली जगापुढे मांडले. तथापि हरभऱ्याचा किंवा तुरीचा बेवड चांगला, हे महाराष्ट्रातील शेतकरी त्याआधीपासून जाणून होता. बेवडाची ही विद्या अनुभवाची होती, विज्ञानाने तिला कारण पुरविले. एवढेच लक्षात ठेवावयाचे की, धान्याबरोबर पालापाचोळा आणि मुळेही शेताबाहेर गेली, तर जमिनीच्या पदरी फारच थोडे उरते.

नत्राचा संबंध केवळ नांगराशी नाही, तोफेशीही आहे. बंदुकीच्या दारूतील मुख्य घटक जो सोरा, तो नत्राचाच क्षार होय. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातील व्यापारी कंपन्या बिहारमधून हा सोरा गलबते भरभरून नेत असत. तेथील नोनिया जातीचे लोक गावाभोवतालच्या मातीवर उन्हाळ्याच्या तोंडी फुलणारा पांढरा थर खरवडून घेत, तो पाण्यात विरघळवून गाळीत आणि आटवून त्याचे खडे करीत. हा थर गावाभोवतीच का फुलावा? माणसांच्या व गुराढोरांच्या मलमूत्रातील नत्राचे जमिनीतील जिवाणू नायट्रेट बनवितात आणि ओलाव्याबरोबर ते वर येते, म्हणून. बिहारच्या गावकुसाची ही माती युरोपच्या लढायांत जळत होती. आज हेच नायट्रेट उलट दिशेने, म्हणजे विहिरीच्या पाण्यात उतरत आहे. ती हकीकत पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकात चिलीच्या वाळवंटातील नायट्रेटच्या खाणींनी बिहारच्या सोऱ्याला मागे टाकले. युरोपातील शेतीही त्यांवर पोसू लागली. परंतु खाण म्हटली की ती केव्हातरी संपावयाचीच. १८९८ साली ब्रिस्टल येथे सर विल्यम क्रुक्स यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत इशारा दिला की, हवेतील नत्र बांधण्याची युक्ती रसायनशास्त्राने शोधून काढली नाही, तर गव्हावर जगणाऱ्या राष्ट्रांवर उपासमारीची पाळी येईल. अकरा वर्षांनी, १९०९ साली, फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाब आणि उष्णता यांच्या साहाय्याने नत्र व हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया तयार करून दाखविला. कार्ल बोश यांनी १९१३ साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला. या अमोनियातून खत निघाले, तशीच पहिल्या महायुद्धाची स्फोटकेही निघाली. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या शोधावर अवलंबून आहे, असे अभ्यासक मानतात.

भारतात या विद्येचे पहिले मोठे मंदिर सिंद्री येथे उभे राहिले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली होती. त्या आघातानंतर आखलेल्या या कारखान्यातून १९५१ च्या ऑक्टोबरअखेर अमोनियम सल्फेट बाहेर पडू लागले. पुढे नांगल, तुर्भे आणि इतर ठिकाणी कारखाने निघाले. १९५१-५२ साली साऱ्या देशाने खतांच्या रूपाने सुमारे ५९ हजार टन नत्र वापरले होते. २०२२-२३ साली हा आकडा दोनशे लाख टनांच्या पलीकडे गेला. याच काळात धान्याचे उत्पादन सुमारे ५१० लाख टनांवरून ३,२९० लाख टनांच्या वर पोचले. या वाढीत पाटाचे पाणी आणि सुधारलेले बियाणे यांचाही वाटा मोठा आहे. परंतु नत्राचे खत नसते, तर त्या बियाण्याने आपले गुण दाखविले नसते. परदेशी गव्हाच्या जहाजाकडे डोळे लावून बसलेला देश आपल्या पायांवर उभा राहिला, त्यात युरियाच्या गोणीचे ऋण मोठे आहे, हे कोणीही नाकारू नये.

ही झाली जमेची बाजू. जमाखर्चाला खर्चाचीही बाजू असते, आणि ती दीर्घकाळ कोणी मांडलीच नाही. ४५ किलो युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्यापैकी निम्म्याहून कमीच भाग सामान्यतः त्या पिकाच्या अंगी लागतो. उरलेल्याचे काय होते? थोडे जमिनीच्या ठेवीत पडते. युरिया उन्हात वरच्यावर फेकला तर त्याचा अमोनिया होऊन काही भाग हवेत उडतो. सकाळी गोठ्यात शिरताना नाकाला जो उग्र वास झोंबतो, तोच हा वायू. पुष्कळसा भाग नायट्रेट होतो. मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात, परंतु नायट्रेटला धरत नाहीत. म्हणून जोराचा पाऊस आला किंवा पाट भरून पाणी सोडले, की ते मुळांच्या खाली निसटते आणि यथावकाश विहिरीला जाऊन मिळते.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार, देशभरातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे पंचमांश नमुन्यांनी ही मर्यादा ओलांडली होती. राजस्थान व कर्नाटकात असे नमुने निम्म्याच्या जवळपास, तर महाराष्ट्रात एक-तृतीयांशाहून अधिक होते. या पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव बदलत नाही आणि उकळल्यानेही नायट्रेट जात नाही. प्रौढ माणसाला ते लगेच बाधत नाही. परंतु बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते व मूल निळे पडू लागते. अमेरिकेतील आयोवा प्रांतात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली अशा मुलांचा संबंध शेतावरील विहिरींच्या पाण्याशी जोडून दाखविला. त्याचा सारा दोष खताच्या गोणीवर टाकणेही न्यायाचे नाही. विहिरीलगतचा उकिरडा, गळके शौचकूप आणि शहरांचे सांडपाणी हेही तितकेच वाटेकरी आहेत. पंचगंगेसारख्या नद्यांवर जी जलपर्णी पसरते, ती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवरच पोसलेली असते.

नत्राची आणखी एक वाट आकाशाकडे जाते. ओल कोंडलेल्या जमिनीतील जिवाणू नायट्रेटचे विघटन करून नायट्रस ऑक्साइड हा वायू सोडतात. पृथ्वीची उष्णता वाढविण्यात तो वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे २७० पट प्रभावी असून, शंभर वर्षांहून अधिक काळ वातावरणात टिकतो. म्हणजे आज शेतात वाया गेलेल्या नत्राचे देणे नातवंडांना फेडावे लागणार आहे.

मग शेतकरी नत्र वाया का घालवितो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. युरियाची किंमत शासनाने बांधून दिली आहे आणि तिच्यातील तूट सरकारी तिजोरी सोसते. २०१० साली स्फुरद आणि पालाश यांच्या खतांसाठी अनुदानाची नवी पद्धत आली, तेव्हा युरिया तिच्यातून वगळला गेला. इतर खते महागली, युरिया स्वस्त राहिला. नत्र, स्फुरद व पालाश यांचे जे प्रमाण देशासाठी साधारण ४:२:१ असावे असे मानतात, त्यातील पहिला आकडा २०२२-२३ साली अकराच्या पुढे गेला. शिवाय युरियाने पीक चार दिवसांत काळेभोर हिरवे दिसते. पण असे माजलेले पीक मऊ राहते, किडीला बळी पडते आणि वाऱ्याने लोळते.

तर मग हे खत बंदच करावे काय? श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी थांबविली. शेतकऱ्यांच्या हाती पुरेसे सेंद्रिय खत नव्हते आणि जमिनीची ठेवही तयार झालेली नव्हती. भाताचे उत्पादन कोसळले व त्याच वर्षाच्या अखेरीस बंदी मागे घ्यावी लागली. नत्राची उधळण जशी महाग पडते, तशी त्याची उपासमारही पडते.

उपाय या दोन टोकांच्या मधल्या वाटेवर आहेत आणि त्यांपैकी बरेचसे या देशातच सिद्ध झाले आहेत. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथे शेतातील काडीकचरा, शेण व मूत्र यांपासून उत्तम कंपोस्ट करण्याची रीत बसविली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. कचऱ्यातील नत्र उडून न जाता जमिनीच्या ठेवीत कसे पडेल, हाच तिचा गाभा होता. निंबोळीतील द्रव्ये नायट्रेट होण्याची क्रिया मंदावतात, हे ओळखून २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप देण्यात येतो. खत एकदम न देता पिकाच्या भुकेप्रमाणे हप्त्यांनी द्यावे, ते मातीआड करावे, भाताच्या पानाचा रंग रंगपट्टीशी ताडून मगच पुढचा हप्ता ठरवावा, कडधान्याचा फेर चुकवू नये आणि उकिरडा विहिरीपासून दूर न्यावा, या गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही. परंतु त्यांना माती-परीक्षणाचा खरा कागद वेळेवर हाती देणारी यंत्रणा लागते, आणि तीनही अन्नांशांच्या किमतींत मेळ ठेवणारे धोरण लागते. ते शेतकऱ्याच्या एकट्याच्या हातचे नव्हे.

नत्र नाहीसे होत नाही, ते फक्त जागा बदलते. कणसात भरले तर ते अन्न होते, विहिरीत उतरले तर बाधा होते आणि आकाशात गेले तर उष्मा होतो. हवेतून नत्र काढण्याची विद्या माणसाला साधून शंभर वर्षे उलटली. काढलेले नत्र योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य मापाने पोचविण्याची विद्या अद्याप अंगी बाणावयाची आहे. दाणा आणि पाणी यांपैकी एकाचीच निवड करण्याची पाळी पुढील पिढीवर येऊ नये, यासाठी हा जमाखर्च प्रत्येक बांधावर आणि प्रत्येक कचेरीत दरसाल मांडला गेला पाहिजे.