खेळ पोराचा, घाई कुणाची?



शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभारलं, तेव्हापासून या करवीरनगरीला खेळाडू घडवण्याची हौस आहे. आता हौसेच्या जोडीला घाईही आली आहे, म्हणून मार्गदर्शक, पालक आणि खेळाडूंची ही परिषद.

दहावीच्या सवलतीच्या गुणांपुरतं मुलाला मैदानावर आणणारे पालक आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यांच्यावर माझा फारसा राग नाही. निदान आपल्याला काय हवंय ते त्यांना ठाऊक असतं. काळजी वाटते ती पदकासाठी मुलापेक्षा जास्त तळमळणाऱ्यांची. याचं उलट उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला शिक्षक वडिलांनी २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत घातलं. खेळ मात्र वर्षभराच्या तयारीनंतर त्यानंच निवडला. नेमबाजीचा खर्च न झेपणारा, तरी घरच्यांनी तो पेलला. २०२४ मध्ये पॅरिसला त्यानं कांस्य जिंकलं, तेव्हा त्याच्या पाठीशी मार्गदर्शक होत्या दीपाली देशपांडे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या स्वतः उतरल्या होत्या; पदकाविना परतणं काय असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पालक आणि मार्गदर्शकांच्या बरोबरीनं मुलाला घडवतात ते सवंगडी, पण त्यांचा विचार आपण सगळ्यात कमी करतो. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनी सावंतनं नेमबाजीत सुवर्ण जिंकलं. तिच्याच उषाराजे हायस्कूलच्या राही सरनोबतला, आपल्या शाळेची ताई एवढं करते तर आपणही बघू, असं वाटलं. पुढं २०१८ मध्ये राही आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. तालमीत तर हे जुनंच आहे. डाव वस्ताद शिकवतात, पण पहाटे पांघरूण ओढतो तो जोडीदार. जोर मोजतो तोच, आणि चीत झाल्यावर आधी हसतो तोही तोच. ते हसणं पोराला सोसतं. परतीच्या वाटेवर वडिलांचं गप्प बसणं सोसत नाही.

आता थोडं व्यवस्थेचं. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आहे, शाकाहारी मंडळींची पंगत वरच्या मजल्यावर. जेवणानंतरच्या सत्रात आधी खेळाडू बोलतील. पालकांनी आणि मार्गदर्शकांनी त्यांना मध्येच दुरुस्त करू नये, अशी स्वागत समितीची हात जोडून विनंती आहे. माईक त्यांच्याकडेच राहील, तशी सूचना मंडपवाल्यालाही दिली आहे.