किळस आणि लाज



वर्धापनदिनाला परिचारिकेने काय बोलावे, असा मला प्रश्न पडला होता. चिटणीसबाई म्हणाल्या, "सिस्टर, वॉर्डातल्या गमती सांगा." गमती पुष्कळ आहेत, पण अल्पोपाहार अजून व्हायचा आहे, म्हणून आधीच क्षमा मागते.

शिकाऊ असताना माझी पहिली रात्रपाळी होती. तापाने फणफणलेल्या एका पोराला उमासा आला आणि तोंडातून वीतभर लांब, वळवळणारा जंत बाहेर पडला. माझ्या हातातला ट्रे खाली पडला. त्याची आई मात्र शांतपणे म्हणाली, "मागच्या पावसाळ्यातही पडला होता न जी!" ताप चढला की आतड्यातले जंत असे वर सरकतात. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती मातीतून आणि न धुतलेल्या हातांतून पुन्हा मुलांच्या पोटात जातात. २०१५ पासून शाळांतून व अंगणवाड्यांतून जंतांची गोळी मोफत देतात. ती चुकवू नका.

वडील सिस्टर्स नारूच्या गोष्टी सांगत. पायाच्या फोडातून दोऱ्यासारखा किडा डोके काढी. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे. ज्या विहिरीत लोक पायऱ्यांनी उतरत, तिच्या पाण्यातून तो पसरे. २००० साली आपला देश नारूमुक्त ठरला. त्यात पाणी फडक्याने गाळून भरणाऱ्या बायकांचाही वाटा आहे.

हे ऐकून आपण नाके मुरडलीत. मीही मुरडले होते, आणि एकदा ते फार महाग पडले.

पन्नाशीची एक बाई सुनेबरोबर आली. पदर घट्ट धरलेला. पदर बाजूला होताच दुर्गंधी सुटली. स्तनातली गाठ फुटून जखम झाली होती, तिच्यावर माश्या बसून अळ्या पडल्या होत्या. मला ओकारी आली. मी तोंड फिरवले. त्या बाईने ते पाहिले, पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "राहू द्या जी, मी घरी जाते."

आमच्या मोठ्या सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. त्या तिच्या खाटेवर बसल्या आणि शेजारणीची चौकशी करावी तशा म्हणाल्या, "ताई, किती दिवस झाले?" मग टर्पेंटाइनचा बोळा जखमेवर ठेवला. श्वासासाठी अळ्या वर येऊ लागल्या, तशा त्यांनी चिमट्याने एकेक काढल्या. त्या सबंध वेळ तिच्या नातवंडांच्या गोष्टी चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चिमटा माझ्या हाती दिला.

ती बाई चार महिन्यांनी गेली. गाठ तुरीच्या दाण्याएवढी होती तेव्हा दुखत नव्हती, म्हणून दाखवली नाही. आणि जखम झाली तेव्हा लाज वाटली. तिला अळ्यांनी मारले नाही, मैत्रिणींनो, उशिराने मारले.

लाज पुरुषांनाही सुटत नाही. आपल्या नागपूरच्याच एका गृहस्थाचे पोट इतके वाढले होते की लोक त्याला गरोदर म्हणून चिडवीत. श्वास घेणे कठीण झाले, तेव्हा १९९९ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अजय मेहता यांनी शस्त्रक्रिया केली. गाठ समजून पोट उघडले, तर आत हातपाय, केस आणि जबडा असलेला अर्धवट वाढलेला जुळा गर्भ निघाला. आईच्या पोटात असतानाच एक भ्रूण दुसऱ्याच्या अंगात अडकला होता. अशी चूक निसर्गाची. त्यात त्या माणसाचा काय दोष? तरी हसणारे हसलेच.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. स्तनात न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेले रक्त, वास येणारा स्राव, अंग बाहेर येणे, यांतले काहीही झाले तर लपवू नका. डागा रुग्णालय आपल्या गांधीबागेतच आहे, मेयोही जवळच आहे. तिथल्या परिचारिकेने याहून विचित्र पाहिलेले असते. आणि घरातली सासू, जाऊ किंवा मोलकरीण तुम्हाला असे काही दाखवील, तेव्हा तेवढे तोंड फिरवू नका. आपला चेहरा पाहूनच ती ठरवील, दवाखान्यात जायचे की पदर ओढून घ्यायचा.

 आता अल्पोपाहाराला हरकत नाही. हात मात्र धुऊन घ्या!