पाखरांचा शेजार

शहरातल्या बागांमधील पक्ष्यांविषयी खेड्यातल्या मंडळींना काय सांगायचे, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. तुमच्या बांधावरच्या तारेवर वेडा राघू बसतो, विहिरीच्या काठावर खंड्या बसतो, नांगरटीच्या वेळी मागून बगळे चालतात. पाखरे पाहण्यासाठी तुम्हांला मुद्दाम बागेत जाण्याचे कारण नाही. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खेड्यातले घरही बदलत चालले आहे. कौले आणि धाबे जाऊन स्लॅब आला, कुडाच्या जागी सिमेंटची भिंत आली, आणि तालुक्याच्या गावी तर बंगल्यापुढे हिरवळीचा चौकोनही दिसू लागला. शहराने जे आधी केले तेच गाव आता करीत आहे. तेव्हा शहरात पाखरांचे काय झाले, आणि त्यातून शहरवाले काय शिकले, हे आपण ऐकून ठेवावे हे बरे.

चिमणीपासून सुरुवात करू. आपल्या मुलांना पहिला घास भरवला जातो तो चिऊ-काऊच्या नावाने, आणि पहिली गोष्ट सांगितली जाते ती चिऊताईच्या घराची. गोष्टीतले घर मेणाचे. खरे घर मात्र आपल्याच घरात असे. आढ्याच्या फटीत, वळचणीला, भिंतीवरच्या तसबिरीमागे, विजेच्या मीटरच्या पेटीत. शहरातली घरे गुळगुळीत झाली आणि या फटी बुजल्या. किराणा दुकानापुढची उघडी पोती गेली, धान्य बंद पिशव्यांतून येऊ लागले. अंगणात फरशी बसली. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, देशभराचा विचार केला तर चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. पण मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत ती घटली आहे. म्हणजे चिमणी देशातून गेलेली नाही, महानगरांतून ती काढता पाय घेत आहे.

आता माणसाच्या मनात दया असतेच. चिमण्या कमी झाल्या हे कानावर आले की लोक गच्चीवर मूठमूठ ज्वारी-बाजरी टाकू लागतात. पण श्रोतेहो, दाणे टाकल्यावर येते कोण? येतात कबुतरे! आणि हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे.

कबुतर हा मुळचा कड्याकपारीचा पक्षी. शहरातल्या इमारतींचे सज्जे आणि वातानुकूलन यंत्रांच्या मागच्या बेचक्या त्याला कड्यांसारख्याच सोयीच्या. शिवाय निसर्गाने त्याला एक विशेष देणगी दिली आहे. पिल्ले लहान असताना नर आणि मादी, दोघांच्याही अन्नपिशवीत दह्यासारखा एक पौष्टिक पदार्थ तयार होतो आणि तो ती पिल्लांना भरवतात. त्यामुळे नुसत्या दाण्यावर राहूनही कबुतराला पिल्ले वाढवता येतात. चिमणीचे तसे नाही. ती स्वतः दाणा खाते खरी, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीला लागतात अळ्या आणि किडे. शिंपी, दयाळ, बुलबुल, शिंजीर, या सर्वांच्या पिल्लांना किडे-अळ्याच लागतात. तेव्हा आपण पसाभर दाणे टाकले तर त्यातून वाढतात ती कबुतरे. चिमणीच्या पिल्लाच्या चोचीत त्यातले फारसे काही जात नाही.

या वाढीचा त्रास पुढे माणसालाही होतो. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेली तर काही माणसांना फुप्फुसाचा चिवट विकार जडतो. २०२५ साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचे पाऊल उचलले गेले, तेव्हा केवढा वाद माजला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत कसे गेले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. दाणे घालणाऱ्यांची श्रद्धा खरी होती आणि खोकणाऱ्यांचा खोकलाही खरा होता. मला एवढेच म्हणायचे आहे की, पाखरांवर प्रेम असेल तर ते दाण्याच्या वाटेने जाऊ नये. त्याला दुसरी वाट आहे.

ती वाट कोणती? तर शेजाऱ्याची. शेजाऱ्याला आपण रोज जेवायला घालीत नाही. त्याची वाट अडवीत नाही, त्याच्या भिंतीला धक्का लावीत नाही, त्याच्या घरात लहान मूल असले तर जरा हळू बोलतो. पाखरांशीही एवढेच वागणे पुरे आहे.

किड्यांचेच पहा. बागेत अळी दिसली की फवारा मारायचा, अशी आता रीत पडली आहे. तुमच्या परसातल्या कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर एक अळी येते. लहानपणी ती हुबेहूब पाखराच्या शिटीसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि तिचे सुंदर फुलपाखरू होते. तिने चार पाने खाल्ली म्हणून झाड मरत नाही. पण फवारा मारला तर अळीही जाते आणि तिच्यावर पोसणारे पाखरूही येईनासे होते. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या घरगुती बागांत या बाबतीत एक फार चांगला अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथे चिकडी नावाचा चिमणीहून लहान असा पक्षी आहे. त्याला एका वेळची पिल्ले वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात! ज्या बागांत झाडोऱ्याचा सत्तर टक्क्यांहून कमी भाग देशी होता, त्या बागांत या पक्ष्याची संख्या टिकेल एवढी पिल्ले निपजत नव्हती. कारण उघड आहे. परदेशी शोभेच्या झाडाची पाने तिथल्या अळ्यांना खाता येत नाहीत. बाग हिरवीगार दिसते, पण पाखराच्या लेखी ती रिकामी पंगत.

आपल्याकडेही हे ध्यानात ठेवावे. गुलमोहर दिसायला देखणा, पण तो मादागास्करचा पाहुणा. उंबर, वड, पिंपळ, पांगारा, काटेसावर ही आपली झाडे. उंबर पिकला की तांबट, कोकिळ, बुलबुल आणि हरियाल, सगळे गोळा होतात. हरियाल हा तर आपला राज्यपक्षी. शिशिरात सावर फुलली की तिच्यावर साळुंक्यांचा बाजार भरतो.

अन्नानंतर येते घर. शिंपी हे एवढेसे हिरवट पाखरू. रुंद पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून ते कापसाच्या आणि कोळिष्टकाच्या धाग्यांनी पान शिवते आणि त्या द्रोणात घरटे करते. शिंजीर कोळिष्टकांनी साल आणि काडीकचरा जोडून लोंबती पिशवी विणतो, कधी चक्क पडवीतल्या तारेला. म्हणून घरातली जळमटे खुशाल काढा, पण कुंपणातली राहू द्या. ती कोणाच्या तरी घराचे सामान आहे. तांबट मेलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत ढोली कोरतो. वाळकी फांदी दिसली की आपण कुऱ्हाड आणतो. ती रस्त्यावर किंवा घरावर पडण्याचे भय असेल तर तोडलीच पाहिजे. नसेल तर राहू द्यावी. तांबटाने सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळासारखे दुसरे बिऱ्हाड येते.

आमच्या कॉलेजच्या वसाहतीत जास्वंदीचे कुंपण आहे. एका पावसाळ्यात माळीमामा कातर घेऊन आले, आणि शेजारच्या प्राध्यापकांची मुलगी धावत सांगत आली की पानात शिंप्याची अंडी आहेत. मामा म्हणाले, "साहेब, कुंपण वाढलं की बोलणी मला बसतात." त्यांचेही खरेच होते. मग असे ठरले की बाकीचे कुंपण कापायचे आणि घरट्याच्या दोन्ही बाजूंना हातभर तसेच सोडायचे. कुंपणाला जवळजवळ महिनाभर एक कुबड राहिले. येणारा-जाणारा विचारी, "हे काय?" आणि ती मुलगी दर वेळी नव्या उत्साहाने सांगे. अंडी उबून पिल्ले उडायला शिंप्याला चार आठवडे पुरतात. पिल्ले उडाली, मामांनी कुबड कापले, आणि तेव्हापासून कातर लावण्याआधी ते स्वतःच पाने उलटून पाहू लागले. बागेतल्या पुष्कळ पक्ष्यांची वीण मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत चालते. मोठी छाटणी हिवाळ्यात केली तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

शेजार म्हटला की थोडा त्रासही आलाच. उन्हाळ्यात कोकिळ पहाटे चार वाजता ओरडू लागतो आणि परीक्षेचे पेपर तपासून उशिरा निजलेला माणूस वैतागतो. (कवींनी कोकिळेला गायिका केले, पण कुहूकुहू करतो तो काळा नर, मादी ठिपक्यांची.) त्याच सुमारास कावळा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यात टोच मारतो. लोक त्याला अपशकुन समजतात. तो अपशकुन नव्हे, जवळच्या झाडावर त्याची पिल्ले आहेत. कधी कधी तर ती कोकिळेची असतात आणि बिचाऱ्याला ते ठाऊक नसते! थोडे दिवस छत्री घेऊन जावे. घरटे पाडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक पक्ष्यांची घरटी आणि अंडी नष्ट करणे गुन्हा आहे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात कोंडणेही गुन्हाच आहे. संक्रांतीच्या पतंगाचा नायलॉन मांजा तर पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे सारखेच कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली. आपल्या गावच्या दुकानात तो मिळत असेल तर गप्प राहू नका.

आता कोणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, पूर्वी कचऱ्याचे मोठे आगार होते. त्या कचऱ्यावर माती घालून झाडे लावली, आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून ती सदतीस एकर जागा लोकांना खुली झाली. आज तिथे झाडी आहे आणि झाडीत पाखरे आहेत. कचऱ्याच्या ढिगावर हे घडू शकते, तर शाळेच्या आवारात का घडू नये?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. शाळेच्या आवाराचा एक कोपरा वर्षभर कापू नका, झाडू नका, त्यावर फवारा मारू नका. तिथे एक उंबर आणि एक कढीपत्ता लावा. मातीची एक पसरट परात, बोटभर पाण्याची, सावलीत आणि मांजराच्या उडीपासून दूर ठेवा. पाणी रोज बदला, म्हणजे डासही होणार नाहीत. आणि एक वही ठेवा. कोकिळ पहिल्यांदा कधी ओरडला, शिंप्याने कोणत्या पानात घर केले, सावरीवर कोण कोण आले, हे तारीखवार मुलांनीच लिहावे. पुढच्या वर्षी तीच वही नव्या वर्गाच्या हाती द्यावी. चार-पाच वर्षांत तुमच्या गावचा पाखरांचा दप्तरखाना तयार होईल, आणि एखादे पाखरू यायचे थांबले तर ते सर्वांत आधी तुमच्या मुलांना कळेल.