मास्तर आणि नांगराची मूठ

(खेड्यांतील पालक व शिक्षक यांच्या सभेंत झालेलें भाषण)



मी शेतकऱ्याचा पोर आणि धंद्यानें मास्तर. आज माझाच एक दोष तुमच्यापुढें मांडणार आहें.

नोकरीच्या पहिल्या वर्षीं एका धनगराच्या मुलास बेरीज येईना. मीं सर्व वर्गादेखत त्यास म्हटलें, "तूं मेंढरांमागेंच शोभतोस." दुसऱ्या दिवसापासून तो येईनासा झाला. त्यास बोलावण्यास मी माळावर गेलों, तों मेंढरें वाड्यांत घेतांना हाच पोर एकेक मोजीत होता. दोन कमी भरलीं. तीं कोणतीं, तेंही त्यानें चटकन् सांगितलें. मग शाळेंत त्याची बुद्धि कोठें गेली होती? भीतीनें आणि लाजेनें ती गोठली होती. 'आतां सगळे हंसतील' हा धाक ज्याच्या मनांत, त्याच्या डोक्यांत हिशेबास जागा उरत नाहीं.

पण मी तसें कां बोललों? माझे वडीलही लहानपणीं गुरें राखीत. अंगावर पांढरे कपडे येतांच मला शेणाच्या वासाची लाज वाटूं लागली, आणि ती लाज मीं त्या पोराच्या माथीं मारली. मास्तर स्वतःस कोण समजतो, हें मुलें धड्याच्या आधीं वाचतात!

१८८२ सालीं हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुल्यांनीं हें ओळखलें होतें. शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतले व शिकवण्याचें शिक्षण घेतलेले असावे. नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरण्याची त्यांना लाज वाटूं नये, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे मास्तर नुसता जन्मानें आपला असून भागत नाहीं. तो मनानेंही आपला पाहिजे. जन्मानें तर मीही तुमचाच होतों!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें मुलांस मारणें व त्यांचा मानसिक छळ करणें या दोहोंस मनाई केली आहे. परंतु मास्तराच्या नजरेंतला तुच्छपणा कायद्यास दिसत नाहीं. तो तुम्हींच पाहिला पाहिजे. पोरास 'मार्क किती?' एवढेंच विचारूं नका. 'अडलें तर मास्तरांना विचारतोस का?' हेंही विचारा.

आणि मास्तरबंधूंनो, सुताराच्या मुलाकडून वर्गाची लांबीरुंदी मापून घ्या. कुंभाराच्या मुलीला मातीचा पाठ सांगूं द्या. चुकलां तर पोराच्या बापापुढें चूक कबूल करा. मीं केली. पोर शाळेंत परत आला, आणि माझी किंमत गांवांत कमी झाली नाहीं.