बेताच्या पैशांत घोडा

मावळचे नाव निघाले की घोड्यांच्या टापा ऐकू येऊ लागतात, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. मावळे हे मुख्यतः पायदळातले लोक. करवंदीच्या जाळ्यांतून डोंगर चढणाऱ्या मनुष्यास चार खुरांपेक्षा आपल्या दोन पायांचाच भरवसा अधिक. भाताच्या खाचरांच्या आणि मुसळधार पावसाच्या ह्या मुलखात घोडा आला तो बहुधा पूर्वेकडून, भीमा-नीरेच्या काठच्या कोरड्या माळरानांवरून. आणि आला तो दाम मोजून. म्हणून घोडा पैदा करणे हा मावळचा प्रश्न नव्हे. तो पारखून विकत घेणे हा मावळचा प्रश्न होय.

लोणावळे-खंडाळ्यास तर हा प्रश्न फार जुना आहे. बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो १८३० साली, आणि आगगाडी घाट चढली ती १८६३ साली. मधली काही वर्षे अशी होती की पुण्याकडचा लोहमार्ग खंडाळ्यापाशी संपे व मुंबईकडचा खोपोलीस. दोहोंमधला घाट उतारूंनी पालखीतून, गाडीतून किंवा तट्टावर बसून ओलांडावयाचा. परक्या मनुष्यास पाठीवर घेऊन डोंगर चढविणाऱ्या जनावरावर पोट भरणे तेव्हापासून येथे चालत आले आहे. आज उतारूंची जागा सहलीस येणाऱ्यांनी घेतली आहे. रविवारी मुंबई-पुण्याची मुले घोड्यावर बसण्यासाठी हट्ट धरतात, आणि लगाम धरून पुढे चालणारा मनुष्य बहुधा जवळपासच्या एखाद्या गावचा तरुण असतो. घोड्याचा दुसराही एक उपयोग ह्या भागात आहे. पुणे जिल्ह्यातील बैलगाड्यांच्या शर्यतींत बैलांच्या पुढे स्वारासह घोडी धावते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ह्या शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांस पुन्हा परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये ती कायम झाली. तेव्हापासून चपळ घोडीची विचारपूस गावोगाव पुन्हा होऊ लागली आहे.

अशा तरुणाजवळ घोड्यासाठी जी रक्कम असते ती घरच्या बचतीची, थोडी उसनवारीची असते. तिच्यात एकच घोडा येतो. तो महिन्याभरात लंगडा निघाला तर मिळकत थांबते. दाणावैरण मात्र थांबत नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असा भेद असे. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिराचा घोडा पडला तर पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराचा पडला की त्याची चाकरीच धोक्यात येई. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. आजच्या घोडेवाल्याचे हाल पाहावेत तर तो शिलेदारही स्वतःच, पखालजीही स्वतःच, आणि नालबंद शोधीत गावोगाव फिरावे लागते तेही त्यालाच.

असा मनुष्य बाजारात जातो. अकलूजचा घोडेबाजार त्याला त्यातल्या त्यात जवळचा. तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यात माळेगावास खंडोबाची. दोन्ही ठिकाणी घोड्यांची मोठी उलाढाल होते, पण वाहतुकीचा खर्च आधीच खिशातून जातो. असे समजावे की जवळजवळ एकाच किमतीची तीन जनावरे त्याच्यासमोर उभी आहेत.

पहिला आहे अडीच वर्षांचा पंचकल्याणी बछेडा. चारी पाय पांढरे, कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा. लोकांची नजर ह्याच्यावरच खिळते, आणि व्यापारी नेमके तेच ओळखून असतो. येथे निम्मी किंमत रंगाची असते. ह्या बछेड्याच्या पाठीवर खोगीर कधी चढलेले नाही. त्याची हाडे भरावयाची आहेत. त्याला शिकवून, रस्त्याची सवय लावून, परक्याचे मूल त्याच्यावर निर्धास्तपणे बसविण्यास दोन वर्षे तरी जातील. ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे त्याने हा अवश्य घ्यावा. ज्याला येत्या हंगामात कमवावयाचे आहे त्याच्या दृष्टीने हा घोडा नव्हे, दोन वर्षांचे कर्ज आहे.

दुसरा शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेला थरोब्रेड आहे. पुण्यास शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो व मुंबईस हिवाळ्यात. दोन्हीकडून दरवर्षी काही घोडे बाहेर पडतात आणि कित्येकदा आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्तात मिळतात. खांद्यापाशी सव्वापाच फूट उंच, चमकदार अंगाचा, राजबिंडा प्राणी गावठी तट्टाच्या दरात मिळतो आहे असे पाहून भल्याभल्यांचे भान हरपते. परंतु स्वस्त आहे ती खरेदी, सांभाळ नव्हे. घोड्याला दिवसाकाठी आपल्या वजनाच्या सुमारे पन्नासावा हिस्सा इतका कोरडा चारा-दाणा लागतो. थरोब्रेडचे वजन साडेचारशे ते पाचशे किलो, म्हणजे रोज नऊ-दहा किलो. तट्टाचे काम पाच-सहा किलोंत भागते. शिवाय हा घोडा वयाच्या दुसऱ्या वर्षापासून भरधाव पळालेला असतो. गुडघ्याखालच्या नळीमागची कंडरा पूर्वी सुजून बरी झालेली असेल तर हाताला ती जाड लागते, आणि खडकाळ उतारावर ती पुन्हा केव्हा दगा देईल ह्याचा नेम नसतो. तळवे पातळ, कातडी नाजूक, स्वभाव उतावळा. मऊ मैदानावर वाढलेल्या ह्या जिवाला लोणावळ्याच्या दगडांवर आणि मोटारींच्या कर्ण्यांत उभे करणे हा त्याच्यावरही अन्यायच होय.

तिसरी आहे नऊ-दहा वर्षांची कुमैत रंगाची भीमथडी घोडी. ठेंगणी, पोट किंचित सुटलेले, केसांत तेज बेताचेच. भीमेच्या काठचे हे वाण मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेले होते. पुढे मेंढपाळ धनगरांनी ते बिऱ्हाड वाहण्यासाठी जतन केले, आणि अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. ह्या घोडीची किंमत मात्र पडलेली आहे, कारण तिच्या अंगावर गोम आहे.

गोम म्हणजे घोड्याच्या अंगावर उलट फिरलेल्या केसांची गोमेसारखी रेघ. ‘ह्यात एक गोम आहे’ असे घरोघर बोलले जाते, ते ह्याच अश्वपरीक्षेतून आले. अंगावरच्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरविणारी मोठी परंपरा आपल्याकडे आहे. देवमण असला की किंमत चढते, गोम दिसली की उतरते. केस कोणत्या दिशेस वळले ह्यावर पाय, फुप्फुस किंवा स्वभाव ह्यांपैकी काहीच अवलंबून नाही. म्हणून बेताचे पैसे असणाऱ्यास गोम ही अडचण नसून सवलत आहे. मात्र तिचे दोन परिणाम त्याने आधीच हिशेबात धरावेत: पुढे विकताना त्यालाही कमीच दाम मिळेल; आणि घरातल्या वडील माणसांची समजूत घातल्यावाचून ती घोडी दारात बांधू नये. कारण त्यानंतर घरात कोणी आजारी पडले तरी बोल तिच्यावरच येतो, आणि असे जनावर नीट सांभाळले जात नाही.

तेव्हा घोडीच घ्यावी, पण पारखून. प्रथम दात. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी टोकास पोचते. दातांवरचे खळगे झिजून गेलेले असले तर ते कोरून, जाळून नवे करणारे कारागीर बाजारात असतात. ही खाच मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग पाय. चारही खूर उचलून पाहावेत. तळव्याच्या मध्यभागी जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो त्याला दुर्गंधी येत असेल तर तो सडतो आहे. नंतर घोडीला कठीण जमिनीवर सैल दोरीने दुडक्या चालीने पळवावे. पुढचा दुखरा पाय टेकताच घोडा मान वर उचलतो व चांगल्या पायावर खाली टाकतो. एवढी एक खूण ठाऊक असली तरी पुष्कळ पैसे वाचतात. परंतु वेदना दडविणारी औषधे सर्रास मिळतात, म्हणून पहिल्याच दिवशी इसार देऊ नये. यात्रा पुष्कळ दिवस चालते. दोन-तीन दिवसांनी भल्या पहाटे, न सांगता जावे आणि घोडी ठाणावरून सोडताना पाहावी. आखडलेला पाय पहिल्या दहा पावलांत कळतो. थोडी दौड करवून बरगड्यांमागची धाप किती वेळात बसते तेही पाहावे. शेवटी तिच्या कानाशी छत्री उघडावी. हे हास्यास्पद वाटेल. पण लोणावळ्यास तिला वर्षातून चार महिने तेच पाहावयाचे आहे.

श्रोत्यांपैकी ज्यांची मुले अशा घोड्यांवर बसतात त्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घोड्याने आपल्या वजनाच्या एकपंचमांशाहून अधिक ओझे सहसा वाहू नये. अडीचशे किलोंच्या तट्टावर मूल शोभते. स्थूल गृहस्थांनी पायी चालावे.

आता पैशांची वाटणी. जवळ असलेल्या रकमेचे तीन भाग करावेत व दोनच भाग किमतीत घालावेत. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भीमाकाठच्या कोरड्या हवेतून आलेल्या घोडीचे खूर ह्या चिखलात मऊ पडतात, नालांचे खिळे सैल होतात, ओल्या खोगिराखाली पाठीवर जखमा होतात. तिला उंच, कोरडा ओटा आणि वर पत्रा हवा. भाताच्या पेंढ्यावर तिचे पोषण होत नाही, म्हणून गवत पावसाळ्यापूर्वीच साठविले पाहिजे. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद हवा. ज्याने सारी रक्कम बाजारातच संपविली त्याच्या घोड्याची दशा श्रावणात बघवत नाही.

सौदा पुरा होण्यापूर्वी ग्लँडर्स रोगासाठी रक्ताची तपासणी झाल्याचा दाखला मागावा. हा रोग माणसासही होऊ शकतो. त्याची बाधा ठरलेले जनावर कायद्याने मारावे लागते. विक्रेता दाखल्याची टाळाटाळ करीत असेल तर घोडी कितीही मनात भरलेली असो, दावे त्याच्या हाती परत द्यावे. दाखला मिळाला तर निघताना तिच्या रोजच्या दाण्याची आठ दिवसांची शिदोरी विक्रेत्याकडूनच मागून घ्यावी व नवा दाणा तीत थोडाथोडा मिसळीत जावा, कारण एकदम बदललेल्या खाण्याने घोड्यास पोटशूळ होतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. गावी पोचल्यावर तीन आठवडे तिला इतर घोड्यांपासून दूर बांधावे, तिची बादली निराळी ठेवावी, आणि तोवर तिच्या पाठीवर गिऱ्हाईक बसवू नये.