छापील कापड आणि घरची पारख



व्यासपीठावरून पडद्यांच्या आणि अभ्र्यांच्या कापडाविषयी बोलावे, हे कित्येकांना हलके वाटेल. पण ज्या वस्तूवर घरोघर पैसा खर्च होतो, तिची पारख हलकी कशी म्हणावी?

पूर्वी आपण कापड बोटांत चुरगाळून पाहत असू. आता घरचे पडदे मोबाइलच्या पडद्यावर निवडायचे; तेथे बोटाला काच लागते, सूत लागत नाही. आम्हीही असेच फसलो. ‘हातछपाई’ म्हणून स्वस्तात मागवलेल्या पडद्यांचा रंग पहिल्याच धुण्यात बादलीत उतरला. दोष विकणाऱ्याचा खरा. पण न विचारता घेण्याची घाई आमचीच होती.

म्हणून लहान विक्रेत्यांकडे पाठ फिरवावी काय? आमचे मत उलट आहे. सांगानेर, बगरू, कच्छ येथील छपाईकारांपैकी कित्येक जण आता थेट विक्री करतात. २००१ च्या भूकंपानंतर कच्छातील धमडका गावच्या पाण्यात लोह वाढले, रंग बिघडू लागले. तेव्हा तेथील अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. रंगासाठी गाव बदलणाऱ्या अशा माणसांकडून थेट घेतले, तर मधल्या दलालीचा पैसा वाचतो.

आता पारखेचे बोलू. कापडाच्या उलट बाजूचे छायाचित्र मागावे. ठशाचा रंग बहुधा मागेही उमटतो. दोन ठशांच्या जोडाशी नक्षी किंचित सरकलेली दिसली, तर ती हाताची खूण समजावी. पन्हा किती आणि कापड किती आटते, हे विचारावे. चुण्यांसाठी खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड धरावे. आधी अर्धा मीटर मागवून धुऊन पाहावे. त्यातला एक धागा जाळावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिएस्टरची गोळी होते. विक्रेत्याची माहिती व परतीच्या अटी दाखवणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे, त्या वाचाव्यात. फसगत झाल्यास १९१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते.

शेवटी एकच विनंती. नक्षीतल्या प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो आणि तो हाताने पुन्हा पुन्हा उमटवावा लागतो. तेव्हा मातीमोल भावाची ‘हातछपाई’ दिसली, तर कोणाची तरी मजुरी बुडाली किंवा आपली फसवणूक झाली, असे समजावे. ऐपत कमी असेल, तर यंत्रावरचे कापड उघड यंत्राचे म्हणून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. आणि हातचे घ्यायचे, तर दोन अभ्रेच घ्यावेत, पण खरे घ्यावेत.